पाचवं घर

येरमाळा,
८ मे १९६२

आक्कास,

नमस्कार करते, तू घेतलास तर. तू गेल्यापासून तुला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. अक्षर ओळखू आलं का? आता मी मास्तरीण आहे, त्यामुळं अक्षर सुधारलंय. स्वभाव आहे तोच.

कळवायचं असं की माय आणि मी तुझ्याकडं रत्नागिरीला येतोय. दचकू नकोस, आठच दिवस. तुझा पोरगा बघावा असं तिच्या मनात आलंय. मनात आलंय म्हणजे मीच आणून घातलंय, चैत्राची जत्रा उरकल्यापासून रोज थोडं थोडं. आधी म्हणाली, "अयोध्या मला मेली." मग चार दिवसांनी, "पोरगं कुनावानी हाय?" आणि परवा भाकरी थापता थापता, "जाऊ. पर म्या तिच्या उंबऱ्याच्या आत पाय ठिवायची न्हाय. भाईर बशीन. पोरगं भाईर आनून दावा म्हनावं." तर तुझ्या अंगणात एक घोंगडं टाकून ठेव.

तिची नजर बरीच गेलीय. मोतीबिंदू आहे, बार्शीचा डॉक्टर म्हणतो अजून पिकला नाही. माणूस आवाजावरून ओळखते, शेळी वासावरून. आणि मला शाळेतून यायला जरा उशीर झाला की माझ्या नावानं हाका मारत गल्लीभर फिरते. बाकी तब्येत खणखणीत. मंगळवार-शुक्रवारचा जोगवा चुकत नाही. येडाईची परडी हातात घेऊन पाच घरं मागितल्याशिवाय अजूनही तोंडात पाणी घालत नाही. मी हात धरून नेते आणि तिचं मागून होईस्तोवर जरा लांब उभी राहते. वर्गातली पोरं बघतात, आपसात खुसपुसतात. आता सवय झालीय म्हणायचं.

एक-दोन गोष्टी विचारायच्या होत्या. तुझ्या घराला पडवी आहे का? पावसाळ्यात तिकडं जमीन ओल धरते म्हणतात, खरं का? जवळपास देवीचं ठाणं आहे का? सहजच विचारते. आठ दिवसांत काय लागतंय.

आम्ही मुंबईवरून बोटीनं येऊ. घाटात मायला चक्कर येईल, म्हणून.

तुझी,
महानंदा

मुंबई,
२३ मे १९६२

आक्का,

तुझं कार्ड निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. "या." एवढंच. मायला वाचून दाखवलं तर तिनं ते माझ्या हातातून घेतलं, उलटंपालटं करून चाचपलं आणि विचारलं, "मागल्या अंगाला काय लिवलंय?" मी म्हणाले, पत्ता. तिला एवढ्या लांबून आलेल्या कागदावर आणखी काही तरी हवं होतं. मलाही हवं होतं.

धक्क्याजवळच्या धर्मशाळेत बसून लिहितेय. उद्या सकाळी बोट. हंगामातली ही शेवटचीच, नंतर पावसाळाभर बंद. माय माझ्या मांडीला मांडी लावून बसलीय. "काय खरडतीस?" म्हणाली. मी म्हणाले, पोरांचे पेपर तपासते. "सुटीत कसलं गं पेपर?" नजर गेलीय, पण तिला फसवणं काही सोपं झालेलं नाही.

आता खरं लिहिते. समोर बोलायला जमणार नाही, तू डोळे वटारलेस की मी पुन्हा लहान होते. आक्का, माय परत जाणार नाही. मला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळालीय. दोन वर्षं हॉस्टेलात राहायचं. जूनमध्ये हजर झाले नाही तर जागा दुसरीला जाईल, आणि पुढच्या साली माझं वय बसत नाही. हॉस्टेलात माय चालत नाही. तिला येरमाळ्यात एकटी ठेवावी तर मागच्या महिन्यात तिनं चुलीपुढचा निखारा भाकरीचा तुकडा समजून हातात घेतला. खोली मी सोडलीय. शेळी बब्रुवानकाकाला देऊन टाकलीय. मायला सांगितलंय, आठ दिवस सांभाळायला दिली.

तुला आधी विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस, आणि तुझ्या 'नाही'ला मला तोंड देता आलं नसतं. जिनं तुझ्या नावानं आंघोळ केली तिला तू का सांभाळावीस? पण मी तरी काय करू? रस्त्याच्या मोजणीला आलेल्या कारकुनाचा हात धरून तू गेलीस. छान केलंस, दाजी चांगला माणूस आहे. फक्त जाताना तू मागं दार ओढून घेतलंस आणि मी आत राहिले. तू गेल्या दिवसापासून तिनं माझा पदर सोडला नाही. मी आडावर गेले तरी ती दारात. दोन स्थळं आली, "माय माझ्यासंगं येणार" म्हटल्यावर चहा पिऊन गेली ती गेलीच. लग्नाचं मला फारसं काही नाही. पण वर्गात फळ्यापुढं उभी असते तेवढाच वेळ मी माझी असते, आणि तो आणखी हवाय. मला तुझा राग येतो, आक्का. लिहून टाकलं एकदाचं.

आणि ते घाटाचं खोटं होतं. एस.टी. तिनं कुठंही थांबवली असती. संशय आला असता तर कंडक्टरला चार शिव्या हासडून माळावर उतरली असती आणि येरमाळ्याच्या दिशेनं चालू लागली असती. बोटीतून कुठं उतरणार? हा विचार करून मी बोट ठरवली. वाचून माझी किळस आली तर येऊ दे.

डाकही याच बोटीनं जाते म्हणतात. म्हणजे हे पत्र माझ्या पायाखालच्या थैलीतूनच तुझ्याकडं येईल. तरी पेटीत टाकते. एकदा टाकलं की मला माघार घेता येणार नाही.

महानंदा

बोटीवर,
शुक्रवार, २५ मे

आक्का,

काल संध्याकाळीच आम्ही तुझ्याकडं असायला हवं होतं. काल दुपारी वारा सुटला, मागोमाग पाऊस, आणि कप्तानानं बोट जयगडच्या खाडीत आडोशाला आणून नांगर टाकला. तेव्हापासून आम्ही इथंच. जमीन दिसते म्हणे, पण दाखवणार कोण? बाजूच्या ताडपत्र्या सोडून दोरांनी करकचून बांधल्यात. पाऊस दिसत नाही, नुसता वाजतो. खालच्या मजल्यावर अंधार, उकाडा, ओकाऱ्या आणि रडणारी पोरं. काल चढल्या चढल्या ज्यानं त्यानं चटई अंथरून आपापली हद्द आखली होती. आता तेवढंच ज्याचं त्याचं घर. पाय लांब केला की दुसऱ्याच्या घरात जातो.

मी सकाळपासून लिंबू हुंगत पडलेय. मायला मात्र काहीसुद्धा होत नाही. जन्मभर शेळ्यांमागं डोंगर चढली-उतरली, तिला हा हेलकावा कसला लागतोय? मला म्हणाली, "ह्यो पाऊस आपल्या रानात पडला असता तर? हितं पान्यावर पडून काय उपेग?"

मग ताडपत्रीतून पाणी गळून तिची पाठ भिजली. दुसरं लुगडं काढायला तिनं गाठोडं सोडलं. मी उठेपर्यंत तिचे हात तळाशी पोचले होते. तिथं ते इरकली लुगडं होतं, तुला ठाऊक आहे ते, तिनं स्वतःच्या मरणासाठी ट्रंकेत जपलेलं. वर्षातून एकदा ऊन दाखवायची, पुन्हा घडी घालायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. गाठोडं बांधताना माझ्या मनात आलं, तिकडं काही झालंच तर तिला तिचं लुगडं मिळायला हवं. मायेनं घेतलं, आक्का. देवीशपथ मायेनं घेतलं.

तिनं काठावरून बोटं फिरवली. मग विचारलं,

"म्हानंदे, माघारी कवा यायचं म्हनलीस?"

"आठ दिवसांनी."

"आठ दिसाला कुनी मरायचं लुगडं संगं घेतं व्हय?"

माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. कॉलेज, खोली, तुझ्याकडं ठेवायचं. ती लुगड्याची घडी पुन्हा घालत राहिली. संपल्यावर एवढंच विचारलं, "शेळी?"

"बब्रुवानकाकाला दिली."

"गाभन हुती," ती म्हणाली.

मग उठली. चटयांच्या कडा पायानं चाचपत जिन्यापाशी गेली आणि येणाऱ्या खलाशाचा दंड धरला. "बाबा, गाडी थांबीव. मला हितं उतरायचंय."

"आज्ये, बोट थांबलेलीच आहे. खाली पाणी आहे."

"किती हाय?"

"तू बुडशील एवढं."

"मंग ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसली. आजूबाजूची माणसं हसली. मला हसू आलं नाही. मी हेच तर ठरवून आणलं होतं, आणि आता तिच्याबरोबर मलाही उतरता येत नव्हतं. दोघी एकमेकींच्या हाताच्या अंतरावर, आणि तोंड फिरवायला जागा नाही.

दुपारी पाऊस जरा कमी झाला, नांगर उचलला. बोट समुद्रात आली तशी पुन्हा गदागदा हलायला लागली. माय चटईशी आली, गाठोड्यातून परडी काढली, देवीची हळद कपाळाला लावली.

"आज सुक्करवार हाय."

"माय, बोटीत कुठली आलीत घरं?"

"मंग ही कशाची हायती?" असं म्हणून तिनं शेजारच्या चटईवर पायाचा अंगठा ठेवला.

शेजारी एक मालवणची कोळीण होती. तिनं आधी सुका जवळा काढला, मग स्वतःच जीभ चावली आणि खोबऱ्याची वाटी दिली. पलीकडं राजापूरची एक मुसलमान म्हातारी, तिच्याशी माय निजामाच्या वेळच्या आपल्या मोडक्या दखनीत काही तरी बोलली, तर तिनं ओंजळभर तांदूळ घातले आणि मायचे दोन्ही हात धरून ठेवले. तिसरा गोव्याला नव्या नोकरीवर निघालेला एक तरुण कारकून. धडधाकट माणसानं भीक मागू नये यावर त्यानं आधी व्याख्यान दिलं. माय परडी पुढं करून उभीच. शेवटी ओकारी आली तेव्हा त्यानं घाईघाईनं बिस्किटाचा पुडा परडीत टाकला आणि कठड्याकडं पळाला.

मग ती आमच्याच चटईशी आली. मला वाटलं, थकली, आता बसेल. ती बसली नाही. चटईच्या कडेबाहेर उभी राहिली आणि म्हणाली,

"आई येडाईचा जोगवा वाढा वो बाई!"

तुला सांगायला नको, आपल्या घरात कुणी जोगवा मागत नाही. जोगवा दुसऱ्याच्या दारात. मी हळूच म्हणाले, "माय, हे आपलंच आहे."

"जोगवा वाढा वो बाई."

तोच आवाज, परक्या बायकांना हाक मारायचा. सगळे माझ्याकडं बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फडक्यातलं एक धपाटं उचललं आणि परडीत टाकलं. पटकन, एकदाचं संपावं म्हणून. तिनं वाकून माझं कपाळ चाचपलं, हळद लावली आणि म्हणाली, "भरल्या घरात ऱ्हा, बाई." मग चटई सोडून पलीकडं उघड्या फळ्यांवर बसली.

"आता तुझं घर न्यारं झालं. जा पुन्याला. शीक."

"आणि तू?"

"चार झाली. पाचवं ऱ्हायलंय." थोड्या वेळानं म्हणाली, "अयोध्येच्या दारात म्या माय म्हनून उभी ऱ्हायची न्हाय. जोगतीन म्हनून ऱ्हाईन. जोगतिनीला कुठलं बी दार चालतं. वाढलं तर वाढलं."

आक्का, आता आम्ही तुझ्या रत्नागिरीसमोर उभे आहोत. ताडपत्रीच्या फटीतून मला किल्ल्याचं टोक आणि बंदरावरच्या छत्र्या दिसतात. त्यात तू आहेस का, कळत नाही. आताच खलाशी सांगून गेले, समुद्र खवळलाय, उतारू उतरवणार नाहीत. सगळ्यांना गोव्याला नेणार, परतीच्या फेरीत जमलं तर बघू. फक्त डाक न्यायला किनाऱ्यावरून एक पडाव, मोठी होडी, येतोय. लोक नुसते ओरडायला लागले. कुणाची लग्नघरं खोळंबलीत, कुणाचं आजारी माणूस.

मायनं 'पडाव' म्हणजे काय ते कोळणीला विचारून घेतलं आणि सरळ खलाशांच्या मुकादमापुढं, सारंगापुढं, जाऊन उभी राहिली.

"कागद जात्यात, मंग म्या का न्हाय?"

तो नाहीच म्हणाला, चांगला ओरडला. तिनं परडी उचलून त्याच्या छातीपुढं धरली. "दिवं लागायच्या आत मला पाचवं घर गाठायचंय. येडाईचा जोगवा आडवू नगंस, बाबा. तुझी बी होडी पान्यातच हाय." सारंगानं एकदा परडीकडं पाहिलं, एकदा समुद्राकडं. मग म्हणाला, कमरेला दोर बांधून सोडीन, पण एकटीलाच.

मी म्हणाले, मीही येते, मलाही बांधा. तर माय म्हणाली, "तू बस. तू आलीस की तिच्या तोंडाकडं बघत बसशील, ठिवती का न्हाय म्हनून. आन तिनं न्हाय म्हनलं की मला घिऊन माघारी जाशील. मला ठावं हाय तुला."

मी बसले. तिनं म्हटलं म्हणून नाही, आक्का. मला बसायचं होतं म्हणून बसले.

तिला दोर बांधतायत. हे पत्र तिच्या चंचीत घालतेय. काय लिहिलंय म्हणाली, मी म्हणाले, तुझ्या घराचा पत्ता. खाली बघू नको असंही तिला सांगावं लागलं नाही, तिला खालचं काही दिसतच नाही. ती दारात आली की तिला पायरी दाखव. डाव्या डोळ्यानं थोडं

पुणे,
१९ जुलै १९६२

आक्का,

दाजींचं "आई सुखरूप" हे कार्ड जूनमध्येच मिळालं होतं. ते येईपर्यंत मी कशी राहिले ते लिहीत नाही. परतीची बोटही रत्नागिरीला लागली नाही. मी कठड्याशी उभी राहून तुमचा दिवा कुठला असेल ते शोधत होते. तिथून मुंबई, मुंबईवरून सरळ इथं. हजेरीच्या दिवशी वेळेवर हजर झाले.

काल तुझं मोठं पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं, आणि दरवेळी एकाच ठिकाणी थांबले.

तू लिहितेस, बंदरावरच्या दोघा गड्यांनी तिला हात धरून आणून सोडलं. नखशिखांत भिजलेली, परडी छातीशी धरून, उंबऱ्याबाहेर उभी. "आई येडाईचा जोगवा वाढा वो बाई!" तू सुपात तांदूळ घेऊन बाहेर आलीस, आवाज ओळखलास आणि मूठ भरलेली तशीच राहिली. मग म्हणालीस, "आपल्याच घरात कुनी जोगवा मागतं व्हय, माय? आत ये."

ती म्हणाली, "चारच झाल्यात. वाढ."

"न्हाय वाढत."

"दिवं लागत्याल. वाढ गं."

"न्हाय वाढत. आत ये."

दोघी पावसात भांडत राहिलात. तिनं तुला शिव्या दिल्या, तू तिला. शेवटी तूच तिचं मनगट धरून शेजारच्या घरी नेलंस, पाचव्या घराचा जोगवा तिथं मागायला लावलास आणि तशीच घेऊन आलीस. घरात कधी आली ते तिला कळलंच नाही म्हणतेस. पोरगा तिच्या मांडीवर बसून परडीतलं खोबरं खात होता.

आक्का, इथं मला खिडकीजवळची खाट मिळालीय. पुस्तकं आहेत, दिवा आहे, गल्लीभर माझ्या नावानं कुणी हाका मारत नाही. मला हेच हवं होतं आणि ते मिळालंय. तरी शुक्रवारी मी सगळ्यांबरोबर ताटावर बसते आणि घास उचलत नाही. बाकीच्या मुली विचारतात, उपास आहे का? मी हो म्हणते.

जी तिला मेली होती तिनं वाढलं नाही. आणि मी, जिचा पदर ती सोडत नव्हती, ती धपाटं टाकून मोकळी झाले. "न्हाय वाढत", एवढंच म्हणायचं होतं गं. मला सुचलं नाही, असं मी रोज स्वतःला सांगते. सुचलं होतं आणि मी गिळलं, असंही असेल.

ती मला कधी नावानं विचारते का, ते तू लिहिलेलं नाहीस. मुद्दामच लिहिलं नसशील.

दिवाळीला सुटी आहे. तोवर बोट पुन्हा सुरू होईल. मला यायचंय. तिला आधी काही सांगू नकोस. मी दारात येऊन हाक मारीन. ती "कोन वो बाई?" म्हणाली, तर तू मध्ये बोलू नकोस, मला आत ओढू नकोस. तिला आवाज ओळखता येतो. ती ओळखेपर्यंत मी उभी राहीन.

महानंदा